क्रॉस-कोरिलेशनच्या काड्या आणि आपला पाऊस

आज आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधे दोन टाइम सिरीज (काळाच्या क्रमाने नोंदलेले आकडे) टाकल्या की एका ओळीत क्रॉस-कोरिलेशनचा प्लॉट येतो, म्हणजे एक सिरीज दुसरीच्या मागेपुढे सरकवत गेलं तर दोघींचा संबंध किती ते, खाली लॅग (किती पावलं सरकवलं), वर त्या त्या लॅगच्या उभ्या काड्या आणि योगायोगाची हद्द दाखवणाऱ्या दोन तुटक रेषा, मग आपण बघत बसतो कुठली काडी रेषेबाहेर गेली. पण एकेकाळी यातली एकेक काडी माणसं हातानी आकडेमोड करून काढायची, आणि त्यातलं बरंच काम झालं ते आपल्या मान्सूनसाठी!

सुरुवात तशी इंग्लंडातली. कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचा -1 ते 1 मधला आकडा, ही कल्पना गाल्टनची, 1888 ची, आणि तो काढायचं पिअर्सनचं सूत्र 1896 चं. 1901 मधे संख्याशास्त्रज्ञ हूकरने लग्नांचं प्रमाण आणि व्यापार यांचा संबंध तपासताना आधी नऊ वर्षांची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (सरकती सरासरी, म्हणजे दीर्घकाळाचा कल) वजा केली आणि मग एक सिरीज दुसरीच्या मागेपुढे सरकवून पाहिली. लॅग म्हणजे तेवढंच, सरकवून बघणं.

इकडे 1899 ला सरकारी अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि पडला भयंकर दुष्काळ. 1904 मधे हवामान खात्याचा प्रमुख झाला गिल्बर्ट वॉकर, मूळचा गणिती, त्याने ठरवलं की जगभरातल्या हवेचा दाब, पाऊस, तापमान सगळ्याचं कोरिलेशन काढायचं, आधीच्या महिन्यांशी, नंतरच्या महिन्यांशी, आणि ऑफिसातले भारतीय कारकून ते आकडे काढत राहिले. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरातल्या दाबाचा झोपाळा सापडला, एकीकडे चढला की दुसरीकडे उतरतो, त्यालाच 1924 मधे त्याने सदर्न ऑसिलेशन म्हटलं. एल निनोशी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून तापण्याशी, त्याची गाठ हवामानशास्त्रज्ञ ब्येर्कनेसने घातली ती थेट 1969 मधे.

मला वॉकरचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते 1914 च्या त्याच्या इशाऱ्याचं, की खूप जोड्या तपासल्या तर त्यातला सगळ्यात मोठा आकडा नुसत्या योगायोगानेही मोठा येतो. वीस लॅग बघून एक काडी बाहेर आली म्हणून खूश होणाऱ्याने हे आधी वाचावं. 1926 मधे संख्याशास्त्रज्ञ यूलने तर दाखवूनच दिलं, इंग्लंडात चर्च ऑफ इंग्लंडमधल्या लग्नांचा वाटा आणि मृत्युदर, 1866 ते 1911, कोरिलेशन 0.95, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, दोन्ही नुसते वर्षानुवर्षं कमी होत गेले!

म्हणून त्या तुटक रेषांवर डोळे झाकून विसंबू नका. 100 आकडे असले तर त्या साधारण ±0.2 वर येतात, पण ते खरं धरायचं तर निदान एक सिरीज तरी व्हाइट नॉइज हवी, म्हणजे तिच्या आधीच्या आकड्यांचा पुढच्यांशी काही संबंध नको. संख्याशास्त्रज्ञ बॉक्स आणि जेन्किन्सनी 1970 च्या पुस्तकात प्रीव्हाइटनिंग सांगितलं ते यासाठीच, आधी एका सिरीजला मॉडेल बसवून तिची स्वतःची आठवण काढून टाका, तोच फिल्टर दुसरीला लावा, मग काड्या काढा.