ग्राहक-अभिप्राय पद्धती, व्हिडिओ गेमच्या डिजिटल दुकानांतील

डिजिटल दुकानातून व्हिडिओ गेम विकत घेणाऱ्यांची मते गोळा करून, ती मोजून, पुढच्या गिऱ्हाइकासमोर एखाद्या आकड्याच्या किंवा शब्दाच्या रूपात मांडण्याची व्यवस्था. बोलीत या मतांना सरसकट ‘रिव्ह्यू’ म्हणतात. वृत्तपत्रातील वा नियतकालिकातील समीक्षकाचे परीक्षण यात धरलेले नाही. या पद्धतीच्या न्याय्यतेची चर्चा मुख्यतः ‘स्टीम’ या दुकानाभोवती झाली आहे. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ते सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केले. वादाचा गाभा सर्वत्र एकच आहे : मत कोणीही द्यावे, पण मोजायचे कोणाचे?

स्टीमवर अभिप्रायांची आजची पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तिच्यात तारे नाहीत, गुण नाहीत. गेम शिफारस करण्याजोगा आहे किंवा नाही, एवढेच सांगायचे. त्यासाठी अंगठा वर किंवा खाली, आणि सोबत लेखी मजकूर. लिहिणाऱ्याने तो गेम किती तास खेळला, हे अभिप्रायाबरोबर दिसते. गेम फुकट मिळाला असेल किंवा पूर्ण होण्याआधीच्या ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ काळात मत दिले असेल, तर तशी खूण असते. अनुकूल मतांच्या टक्केवारीवरून दुकान एक शेरा ठरवते. ४० ते ६९ टक्क्यांना ‘मिक्स्ड’ म्हणजे संमिश्र, ७० ते ७९ ला ‘मोस्टली पॉझिटिव्ह’. ८० च्या पुढे मात्र टक्केवारीबरोबर मतसंख्याही पाहिली जाते. ५० पेक्षा कमी मते असतील तर नुसते ‘पॉझिटिव्ह’, त्याहून जास्त असतील तर ‘व्हेरी पॉझिटिव्ह’. ९५ टक्के आणि किमान ५०० मते असली तरच ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’ हा सर्वोच्च शेरा लाभतो. दहापेक्षा कमी मते असलेल्या गेमला शेराच मिळत नाही.

या पायऱ्यांचा गणिती परिणाम समजून घेतला पाहिजे. ६९ आणि ७० टक्क्यांत एका टक्क्याचा फरक, पण शेरा बदलतो, त्याचा रंग बदलतो आणि लहान गेमकर्त्याची विक्रीही त्याच काठावर तोलली जाते. उलट ४१ आणि ६८ टक्के मिळवणारे दोन गेम एकाच शब्दाखाली येतात. दुसरी अडचण अल्प मतसंख्येची. दहापैकी दहा मते अनुकूल असलेला गेम १०० टक्के, आणि १,००० पैकी ९५० अनुकूल असलेला ९५ टक्के. नुसत्या सरासरीने पहिला वरचढ ठरतो, जो निष्कर्ष संख्याशास्त्र मान्य करत नाही. त्यासाठी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेली विश्वास-अंतराची (खरी टक्केवारी ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता असते, त्याची) खालची मर्यादा वापरावी, असे अनेक जाणकार सुचवतात. ९५ टक्के विश्वासपातळी धरल्यास पहिल्या गेमची खालची मर्यादा सुमारे ७२ टक्के येते, दुसऱ्याची सुमारे ९३.५, आणि क्रम उलटतो. ‘स्टीमडीबी’ या स्वतंत्र संकेतस्थळाने आपले वेगळे सूत्र बसवले आहे. त्यात मते जितकी थोडी, तितके गुणांकन ५० टक्क्यांकडे ओढले जाते, आणि मतसंख्या दहापट झाली की ही ओढ जवळपास निम्मी होते. त्या सूत्राने वरच्या दोन गेमना अनुक्रमे सुमारे ७५.७ आणि ८९.४ टक्के मिळतात. क्रम दोन्ही रीतींनी सारखाच लागतो. दुकानाचा स्वतःचा शेरा मात्र टक्केवारी व पायऱ्यांवरच उभा आहे. वाचणाऱ्याला तो चटकन कळतो, हा त्याचा खरा गुण मानावा लागेल.

अभिप्रायांचा भडिमार : थोड्या दिवसांत हजारो लोकांनी ठरवून वा संतापाच्या लाटेत प्रतिकूल मते नोंदवण्याला ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. या शब्दाच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. सामान्यतः २००८ सालचा ‘आर्स टेक्निका’ या तंत्रविषयक संकेतस्थळावरील बेन कुचेरा यांचा लेख आरंभीच्या वापरांपैकी एक म्हणून दाखवला जातो. तो ‘स्पोअर’ या गेमविषयी होता. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या या गेमला नक्कल रोखणारी कडक प्रणाली जोडलेली होती आणि विकत घेतलेली प्रत तीनदाच सक्रिय करता येत असे. चिडलेल्या ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एकेक ताऱ्याच्या मतांचा पाऊस पाडला. गेम काढणाऱ्या कंपनीने पुढे ही मर्यादा पाचवर नेली. ‘आरंभीच्यांपैकी एक’ हा सावध शब्दप्रयोगच येथे योग्य वाटतो, कारण शब्द छापून येण्याआधी तो खेळाडूंच्या बोलण्यात किती रुळला होता हे छापील लेखावरून ठरत नाही, आणि प्रथेचा जन्म शब्दाच्या जन्माबरोबरच झाला असे मानायला आधार नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. ही घटना गेमच्या दुकानात नव्हे, सर्वसाधारण ऑनलाइन दुकानात घडली. आणि तक्रार गेमच्या खेळाविषयी नव्हती, तो विकण्याच्या अटींविषयी होती. पुढची बरीच भांडणे याच दुसऱ्या मुद्द्यावर झाली.

स्टीमवर ही भांडणे पेटण्याआधी प्रश्न आला खोट्या स्तुतीचा. गेमकर्त्यांना दुकानाकडून स्टीम-की (गेम चालू करण्याचे सांकेतिक क्रमांक) विनामूल्य मिळतात आणि ते त्या बाहेर वाटू वा विकू शकतात. काहींनी स्तुतीच्या मोबदल्यात त्या वाटल्या. व्हॉल्व्हच्या तपासणीत किमान १६० गेम असे आढळले, की ज्यांत की वापरणाऱ्यांची अनुकूल मते इतरांपेक्षा लक्षणीय जास्त होती. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने की वापरून गेम मिळवलेल्यांची सर्व मते शेऱ्याच्या मोजणीतून वगळली. अभिप्राय वाचता येई, पण मोजला जात नसे. या उपायाने लबाडांना चाप बसला, हे खरे. पण ज्यांनी लोकवर्गणीतून गेमला आधीच पैसे दिले होते किंवा गेमकर्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून रीतसर खरेदी केली होती, त्यांचेही मत त्याच सुपात पाखडले गेले. लोकवर्गणीवर उभ्या राहणाऱ्या लहान संघांना हा फटका विशेष बसला आणि त्यांची तक्रार रास्त होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘इन्सेल गेम्स’ या प्रकाशकाचे गेम स्टीमवरून काढण्यात आले. कर्मचाऱ्यांनी कंपनीचा गेम विकत घेऊन अभिप्राय लिहावा, असा आग्रह धरणारे प्रमुखांचे पत्र बाहेर आले होते. म्हणजे पैसे मोजून केलेली खरेदी हासुद्धा प्रामाणिकपणाचा पुरावा ठरला नाही.

मे २०१६ पासून एकूण शेऱ्याबरोबर गेल्या ३० दिवसांचा वेगळा शेरा दिसू लागला. सुधारत गेलेल्या गेमना त्याचा फायदा झाला, पण भडिमार करणाऱ्यांनाही नेम धरायला जवळचे लक्ष्य मिळाले. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘फायरवॉच’ या गेमच्या निर्मात्यांनी एका नामांकित यूट्यूबरच्या वांशिक शिवीनंतर आपल्या गेमचा त्याचा व्हिडिओ कॉपीराइटच्या आधारे काढायला लावला आणि त्यांच्या गेमवर प्रतिकूल मतांची लाट आली. त्याच महिन्यात व्हॉल्व्हने प्रत्येक गेमच्या पानावर कालक्रमाचा स्तंभालेख दिला. कोणत्या दिवशी किती मते वर, किती खाली, हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहावे आणि उसळी दिसली तर त्या दिवसांतली मते उघडून वाचावीत. या उपायात कोणाचेही मत बाद होत नाही. आजवरच्या उपायांत हाच सर्वांत निर्मळ म्हणावा लागेल, जरी घाईतला गिऱ्हाईक आलेख न उघडता शेरा पाहूनच निघून जातो, हा आक्षेप खोटा नाही.

मार्च २०१९ मध्ये धोरण पालटले. ‘मेट्रो एक्सोडस’ हा गेम त्याच वर्षी स्टीम सोडून एपिक गेम्स या कंपनीच्या प्रतिस्पर्धी दुकानात गेल्यावर मालिकेतील जुन्या गेमवर राग निघाला होता. नव्या नियमानुसार मतांची असामान्य उसळी संगणकप्रणाली टिपते, मग माणसांचा चमू तपासणी करतो, आणि लाट ‘विषयबाह्य’ ठरली तर तो कालखंड शेऱ्यातून वगळला जातो. मते पुसली जात नाहीत, आणि ज्याला ती मोजलेली हवी आहेत तो आपल्या सेटिंगमध्ये तसे ठरवू शकतो. मात्र त्या दिवसांत कोणी प्रामाणिकपणे, गेम आवडला वा नावडला म्हणून लिहिले असेल, तर तेही लाटेबरोबर जाते. पुढच्याच महिन्यात ‘बॉर्डरलँड्स’ मालिकेला हा नियम लागू झाला. नक्कलरोधक प्रणाली व वापरकराराविषयीच्या तक्रारी विषयबाह्य धरल्या जातील, असेही व्हॉल्व्हने मार्चमध्येच सांगितले होते. या कसोटीने २००८ चा ‘स्पोअर’चा भडिमार, जिथून या शब्दाची कथा सांगितली जाते, मोजलाच गेला नसता. तीनदाच चालू होणारी प्रत ही गिऱ्हाइकाच्या दृष्टीने वस्तूचाच दोष आहे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

विषय कोणता आणि बाह्य कोणते, हे प्रत्यक्षात किती निसरडे आहे, याची उदाहरणे पुष्कळ. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली. त्या चर्चचे तपशीलवार चित्रण असलेला ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा गेम त्याच्या निर्मात्या कंपनीने काही दिवस फुकट दिला आणि अनुकूल मतांचा पूर आला. व्हॉल्व्हने विचार करून तो मोजणीत ठेवला. त्याआधी फेब्रुवारीत तैवानच्या रेड कँडल गेम्सच्या ‘डिव्होशन’मध्ये चिनी राष्ट्राध्यक्षांची टर उडवणारा मजकूर एका भित्तिपत्रकावर सापडला. चिनी वापरकर्त्यांनी प्रतिकूल मतांचा मारा केला, प्रकाशनानंतर आठवड्याभरातच गेम स्टीमवरून गेला आणि २०२१ मध्ये निर्मात्यांनी तो स्वतःच्या संकेतस्थळावर विकायला काढला. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या खेळाडूंना प्लेस्टेशनचे खाते जोडणे सक्तीचे होणार, असे सोनीने जाहीर केले. ज्या देशांत असे खाते उघडताच येत नाही तेथेही गेम विकला गेला होता. दोन लाखांहून अधिक प्रतिकूल मते पडली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. हा भडिमार अन्याय्य होता असे म्हणणे कठीण आहे; त्या लोकांकडे दुसरे साधन नव्हते.

अभिप्राय लिहिणारे सर्व खेळाडूंचे प्रतिनिधी नसतात, हा आक्षेप वेगळा. ६,२२४ गेमवरील अभिप्रायांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की खेळाडू मध्यकाने (निम्मे त्याहून कमी, निम्मे त्याहून जास्त) सुमारे १३.५ तास खेळून अभिप्राय लिहितात आणि प्रतिकूल लिहिणारे अनुकूलांच्या सुमारे निम्मेच तास खेळलेले असतात. याचा अर्थ नाराजांचे मत उथळ असा काढू नये. नावडलेला गेम माणूस लवकर सोडतो, आणि जून २०१५ पासून दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांत परत करता येतो.

इतर दुकानांत मांडणी निराळी आहे. एपिकचे दुकान डिसेंबर २०१८ मध्ये अभिप्रायांविनाच उघडले. २०२२ पासून तेथे दोन तासांहून अधिक खेळलेल्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्यांनाच तारे विचारले जातात. त्यामुळे भडिमार अवघड होतो, पण स्वतःहून काही सांगू पाहणाऱ्याला जागा उरत नाही. मेटाक्रिटिक हे दुकान नव्हे, समीक्षकांचे व वापरकर्त्यांचे गुण एकत्र मांडणारे संकेतस्थळ आहे; पण ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’वरील वादानंतर जुलै २०२० मध्ये तेथे प्रकाशनानंतरचे ३६ तास वापरकर्त्यांची मते बंद ठेवण्याचा नियम आला.

ऑगस्ट २०२५ पासून स्टीमने भाषावार शेरे सुरू केले. दोन हजारांहून अधिक मते असलेल्या गेमला, ज्या भाषेत किमान २०० मते आहेत त्या भाषेसाठी, स्वतंत्र शेरा मिळतो. वाईट भाषांतराचा राग एका भाषेपुरता राहावा, हा हेतू उचित आहे. मराठी खेळाडू बहुधा इंग्रजीतच लिहितात, त्यामुळे त्यांची मते जगभरच्या इंग्रजी मतांत मिसळून जातात. महाराष्ट्राचा संबंध गेमकर्त्यांच्या बाजूनेही येतो : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑक्टोबर २०२० मध्ये स्टीमवर आला. जाहिरातीला मोठे भांडवल नसलेल्या अशा संघांना अनोळखी गिऱ्हाइकापर्यंत पोचताना हा शेराच ओळखपत्र असतो.

कायद्याची बाजू अजून त्रोटक आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. ते ऐच्छिक असून अभिप्राय गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे या तिन्ही टप्प्यांना लागू होते. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा संघीय व्यापार आयोगाचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. दोन्हींचा रोख खोटेपणावर आहे. खऱ्या गिऱ्हाइकाचे खरे मत मोजणीतून वगळण्याचा दुकानाचा अधिकार कुठवर चालतो, हा प्रश्न त्यांच्या मुख्य कक्षेत येत नाही.