टेक्सासमधले छुपे पिस्तूल: १८७१ ते २०२१

टेक्सासमध्ये काही दुकानांच्या नि इस्पितळांच्या दारावर एक पाटी असते. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत. अक्षरांची ही उंचीसुद्धा कायद्यानेच ठरवलेली. अर्थ एवढाच की, परवाना असला तरी पिस्तूल लपवून आत आणू नका. ह्यूस्टन-डॅलसला मुलाकडे गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना ती वाचून वाटते, इथे हे पूर्वापार असेच चालत आले असणार. तसे नाही. याच राज्यात जवळजवळ सव्वाशे वर्षे कमरेला पिस्तूल लावून गावात फिरणे हा गुन्हा होता.

यादवी युद्धानंतर टेक्सासमध्ये खूनखराबा माजला होता. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ले होत होते. १८७१ च्या कायद्याने पिस्तूल, खंजीर, सुरा, अगदी काठीत लपवलेली गुप्तीसुद्धा अंगावर बाळगायला मनाई केली. प्रवासी आणि ज्याच्या जिवाला तातडीचा धोका आहे अशांना सूट होती. लपवलेल्या शस्त्राबद्दलचा संशय त्याहूनही जुना. केंटकी राज्याने १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगणे बंद केले होते.

वारे फिरले ते १६ ऑक्टोबर १९९१ ला. किलीन गावातल्या लूबीज या खानावळीत दुपारच्या गर्दीच्या वेळी एकाने काच फोडून गाडी आत घातली आणि गोळीबार सुरू केला. २३ माणसे गेली. सुझॅना हप आईवडिलांसोबत तिथे जेवत होत्या. त्यांचा हात पर्सकडे गेला आणि आठवले, रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत आहे. कायदा मोडला तर व्यवसायाचा परवाना जाईल, या भीतीने त्यांनी ते गाडीत ठेवायला सुरुवात केली होती. वडील हल्लेखोरावर धावून गेले आणि गोळी लागून पडले. हप खिडकीतून निसटल्या. आई मात्र वडिलांपाशीच थांबली, तीही वाचली नाही. लोकांना पिस्तूल जवळ बाळगू द्या, हे पुढे हप गावोगावी सांगत फिरल्या आणि १९९६ मध्ये आमदार झाल्या. त्यांचे म्हणणे न पटणाऱ्यानेही ही हकीकत समजून घ्यायला हवी, कारण आकडेवारीपेक्षा तिनेच जास्त मने वळवली.

राज्यपाल अ‍ॅन रिचर्ड्स यांनी पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना द्यावा का, यावर सार्वमत घेण्याचा प्रस्ताव १९९३ मध्ये नकाराधिकार वापरून अडवला. पुढच्या वर्षी त्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडून हरल्या आणि १९९५ मध्ये बुश यांनी असा परवाना देणाऱ्या कायद्यावर सही केली.

दुसरा धागा स्वसंरक्षणाचा. घरात घुसलेल्याशी तिथल्या तिथे लढा, पण घराबाहेर निसटण्याची वाट असेल तर आधी मागे हटा, ही इंग्लंडातून आलेली जुनी शिकवण. आपल्याकडेही पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. फ्लोरिडाने २००५ मध्ये मागे हटण्याचे बंधन काढले, २००७ मध्ये टेक्सासने. फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये २०१२ साली १७ वर्षांच्या निःशस्त्र ट्रेव्हॉन मार्टिनला गोळी घालणारा जॉर्ज झिमरमन पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. मागे हटण्याचे बंधन काढणाऱ्या कायद्याखालची वेगळी सुनावणी त्याच्या वकिलांनी मागितलीच नव्हती, तरी ज्युरीला दिलेल्या सूचनांत मागे हटण्याचे बंधन नसल्याचे म्हटले होते.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची पिस्तुलाच्या परवान्यासाठीची ‘खास कारण दाखवा’ ही अट रद्द केली.

मला सगळ्यात जास्त खुपते ते प्रशिक्षणाचे. १९९५ च्या कायद्यात परवान्याआधी १० ते १५ तासांचा वर्ग सक्तीचा होता. २०१३ मध्ये तो ४ ते ६ तासांवर आला. आता परवानाच सक्तीचा नाही म्हटल्यावर वर्गही सक्तीचा नाही. त्या वर्गात नेमबाजीबरोबर जीवघेणे बळ कायद्याने कधी वापरता येते, भांडण हातघाईवर न येऊ देता कसे मिटवावे आणि पिस्तूल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे कुठे ठेवावे, हेही शिकवत.