अंकांवरील पुनरावृत्त क्रिया (प्रोग्रॅमिंग)

दिलेल्या संख्येच्या अंकांवर एकच नियम ठरावीक वेळा, किंवा अट पूर्ण होईपर्यंत, जसाच्या तसा चालवून उत्तर काढण्याची प्राथमिक पद्धत. इथे सूत्र शोधत बसायचे नसते. नियम सांगेल ते लूपकडून (तीच क्रिया पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या कोडकडून) करून घ्यायचे. मराठवाड्यातल्या पॉलिटेक्निक आणि बीसीएच्या प्रॅक्टिकलमध्ये येणारे अंकांची बेरीज, उलटी संख्या, पॅलिंड्रोम (उलटी वाचली तरी तीच राहणारी संख्या) हे प्रोग्रॅम याच जातीचे.

हत्यारे दोनच. १० ने भागून उरलेली बाकी म्हणजे शेवटचा अंक. पूर्णांक भागाकार म्हणजे तो अंक खोडलेली संख्या.

नमुना नियम असा: शेवटचा अंक शून्य असेल तर तो खोडा, नसेल तर १ वजा करा; हे ५ वेळा. नांदेडचा पिनकोड ४३१६०१ घेतला तर ४३१६००, ४३१६०, ४३१६, ४३१५, ४३१४. उत्तर ४३१४. ‘नाहीतर’ची फांदी न वापरता आधी वजाबाकीची आणि तिच्याखाली शून्याची असे दोन सुटे ‘जर’ लिहिले, की पहिल्याच फेरीत वजाबाकी आणि खोडणे दोन्ही उरकतात आणि उत्तर ४३१३ येते. कागदावर ड्राय रन केला, म्हणजे कोड हाताने एकेक पायरी चालवून पाहिला, तर ही चूक लगेच सापडते. नुसता कोड न्याहाळून सहसा सापडत नाही.

फेऱ्या अब्जावधी असल्या तरी या नियमाला घाबरायचे कारण नाही. एका अंकामागे फार तर ९ वजाबाक्या आणि १ खोडणे, म्हणजे दहा अंकी संख्या १०० फेऱ्यांच्या आत शून्यावर येते. शून्य आले की लूप तोडावा.

पायथनमध्ये भागाकाराला एकेरी तिरकी रेघ (/) वापरली तर ४३१६० ऐवजी ४३१६०.० मिळते, दुहेरी (//) हवी. सी++ मध्ये नेहमीच्या ३२ बिटांच्या ‘इंट’ची (पूर्णांक ठेवण्याच्या प्रकाराची) मर्यादा २१४७४८३६४७. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, त्यामुळे त्यातला एकही ‘इंट’मध्ये मावत नाही, ‘लाँग लाँग’ हा मोठा प्रकार घ्यावा. (पायथनचे ‘इंट’ देवनागरी अंकही बिनतक्रार वाचते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.)

संख्येच्या सुरुवातीला येणाऱ्या शून्यांचा घोळ कापरेकर क्रियेत दिसतो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ही क्रिया: चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची. मराठवाडा मुक्तीचे साल १९४८ घ्या: ९८४१ − १४८९ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे तीच संख्या कायम. मात्र २१११ वरून ९९९ येते. ते ०९९९ असे चार अंकी धरले तर पाचव्या पायरीला ६१७४ मिळते. शून्य गळाले तर ९९९ − ९९९, म्हणजे गाडी शून्यावर अडकते.

काही नियम थांबतच नाहीत. अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा घेतली तर बीडच्या गाड्यांवरचा २३ हा १३, १० करत १ वर येतो. छत्रपती संभाजीनगरचा २० मात्र ४, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२ असा फिरून पुन्हा २० वर येतो. अशा वेळी आलेली प्रत्येक संख्या ‘सेट’मध्ये (एक संख्या एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) ठेवावी आणि दुसऱ्यांदा दिसताच थांबावे.