घरपट्टी भरली, मग भाड्यावर पुन्हा कर कसला?

पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने दिलेले बरेच जण रिटर्न भरायच्या वेळी हे विचारतात. वैताग खरा असला, तरी हिशेब चुकतो. घरपट्टी आणि भाड्यावरचा प्राप्तिकर या वेगवेगळ्या खिडक्या आहेत. एका खिडकीची पावती दुसरीकडे दाखवता येते, पण तेवढ्याने दुसरी बंद होत नाही.

घरपट्टी लागते घर आहे म्हणून. त्यात तुम्ही राहा, भाडेकरू राहो किंवा कुलूप असो, बिल येतंच. ती घेते महापालिका, नगरपालिका नाहीतर ग्रामपंचायत. आकारणीची पद्धतही गावोगावी वेगळी: मुंबईत भांडवली मूल्यावर (म्हणजे घराच्या किमतीवर), पुण्यात वार्षिक करपात्र रकमेवर (म्हणजे घराला वर्षाला मिळू शकणाऱ्या भाड्याच्या अंदाजावर). पुणेकरांना इथे एक चिमटा बसतो. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते. भाडेकरू आला की ती जाते. म्हणजे भाडं ठरवतानाच वाढीव घरपट्टी धरायला हवी. बहुतेकांना हे बिल हातात आल्यावर कळतं.

प्राप्तिकर केंद्र सरकारचा, आणि तो घरावर नाही, घराने मिळवून दिलेल्या पैशावर. परत करायचं डिपॉझिट हे उत्पन्न नाही, महिन्याचं भाडं मात्र आहे. ते आईच्या खात्यात जमा करायला सांगितलं तरी मालक तुम्ही असाल तर उत्पन्न तुमचंच. घर दोघांच्या नावावर असेल आणि हिस्से ठरलेले असतील, तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे.

आता आकडे. महिना २०,००० रुपये भाडं, वर्षाचे २,४०,०००. त्यातून आधी वजा होते घरपट्टी, समजा १२,०००. राहिले २,२८,०००. यावर सरसकट ३० टक्के, म्हणजे ६८,४०० रुपये वजावट. उरले १,५९,६००. रंग काढला, नळ बदलला, गीझर दुरुस्त केला, त्याची बिलं जपून ठेवून इथे उपयोग नाही. तो सगळा खर्च त्या ३० टक्क्यांत धरलेला आहे. वर्षभरात एक खिळाही ठोकला नसेल तरी वजावट पूर्ण मिळते. कायदा क्वचितच इतका उदार असतो.

घरपट्टीची वजावट मात्र तितकी सैल नाही. ती मालकाने स्वतः भरलेली हवी आणि त्याच आर्थिक वर्षात भरलेली हवी. बिल आलं आहे, एप्रिलमध्ये भरू, असं म्हणालात तर या वर्षी वजावट शून्य. उलट मागची थकबाकी यंदा भरली असेल तर तीही यंदाच वजा होते. करारात घरपट्टी भाडेकरूच्या गळ्यात घातली असेल, तर मात्र ती तुम्हाला वजा करता येत नाही.

गृहकर्ज असेल तर चित्र आणखी पालटतं. वर्षाचं व्याज २,५०,००० असेल, तर वरच्या १,५९,६०० मधून ते वजा करून ९०,४०० चा तोटा दिसतो. प्राप्तिकर मोजायच्या दोन प्रणाली आहेत, जुनी आणि नवी, त्यातली एक आपण निवडायची. जुन्या करप्रणालीत घराचा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत भाड्याचं उत्पन्न व्याजाने शून्यावर येतं, पण उरलेला तोटा पगाराला लावता येत नाही. आणि काहीच निवडलं नाही तर आता नवी प्रणाली आपोआप लागू होते. त्यामुळे मोठं कर्ज असलेल्या घरमालकाने रिटर्न भरण्याआधी दोन्ही प्रणालींत हिशेब मांडून बघावा, आणि घरपट्टी ३१ मार्चच्या आत, स्वतःच्या खात्यातून भरून पावती जपून ठेवावी.