घरी बांधलेले हाय-पॉवर रॉकेट आणि त्याची जमिनीवरील चाचणी : पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मॉडेल रॉकेटचे गट तयार होऊ लागले की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे याचा परवाना कोणत्या कार्यालयात मिळतो. 'मॉडेल रॉकेट परवाना' नावाचा एकच कागद एकाच खिडकीवर मिळेल, अशी अपेक्षा ठेवून निघालेला विद्यार्थी चार टेबले फिरून परत येतो. बांधणाऱ्याच्या दृष्टीने रॉकेट ही एक वस्तू असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोन वस्तूंची जोडणी आहे. नळी, नोज कोन (पुढचे टोक), फिन (मागचे पंख), पॅराशूट आणि इलेक्ट्रॉनिक्स हा एक भाग, आणि ज्यात घन इंधन भरलेले आहे ती मोटर हा दुसरा. पहिला भाग घरी, कोणाच्याही परवानगीशिवाय बांधता येतो. दुसऱ्या भागाला घरात जागा नाही, आणि पुढील सर्व अर्ज व कागदपत्रे या दुसऱ्या भागासाठीच लागतात.

'हाय-पॉवर' हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याची मर्यादा आधी पाहावी. मोटरने दिलेला एकूण आवेग, म्हणजे सरासरी जोर गुणिले जळण्याचा वेळ, न्यूटन-सेकंदात मोजतात आणि त्यावरून तिला इंग्रजी वर्णमालेतील अक्षर मिळते. प्रत्येक पुढच्या अक्षराला वरची मर्यादा दुप्पट होते. जी वर्ग १६० न्यूटन-सेकंदांपर्यंत जातो, आणि त्यापुढे एच वर्गापासून हाय-पॉवर सुरू होते. एका मोटरमध्ये १२५ ग्रॅमपेक्षा जास्त इंधन असेल, किंवा उड्डाणाच्या वेळी रॉकेटचे वजन दीड किलोपेक्षा जास्त असेल, तरीही ते याच वर्गात मोजले जाते. ही वर्गवारी अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली या संस्थांच्या नियमांतून आली आहे. तिथे एच आणि आय वर्गासाठी पहिल्या स्तराचे, जे ते एल वर्गासाठी दुसऱ्या स्तराचे आणि त्यापुढे तिसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. आपल्याकडे विद्यार्थी या संस्थांच्या नियमावल्या वाचून तयारी करतात, हे चांगलेच आहे. मात्र तिकडचे प्रमाणपत्र इथल्या कायद्यात परवाना ठरत नाही. तिकडे वापरल्या जाणाऱ्या संमिश्र इंधनाला २००९ मध्ये स्फोटकांच्या यादीतून वगळण्यात आले, त्या सवलतीचाही इथे काही उपयोग नाही.

भारतात हा विषय स्फोटक अधिनियम, १८८४ आणि त्याखालील स्फोटक नियम, २००८ यांच्या कक्षेत येतो. अधिनियमातील 'स्फोटक' या शब्दाच्या व्याख्येत फटाके, फ्यूज, काडतुसे यांच्या जोडीला रॉकेट हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. त्यामुळे 'हे शैक्षणिक मॉडेल आहे, स्फोटक नव्हे' हा युक्तिवाद अर्जात करू नये, तो पहिल्याच वाचनात पडतो. परवाना व तपासणीचे काम केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे पेसोकडे, असून तिचे मुख्यालय नागपूरला आहे. विनापरवाना स्फोटक तयार करणे किंवा आयात करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, आणि विनापरवाना बाळगणे, वापरणे किंवा वाहून नेणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी संकेतस्थळावरून मोटर मागवणे ही आयातच आहे, हे इथे लक्षात ठेवावे.

पात्रतेच्या अटींत वयाची अट सर्वांत कडक आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस स्फोटक तयार करण्यास, विकण्यास, वाहून नेण्यास किंवा जवळ बाळगण्यास अधिनियमानेच मनाई केली आहे, आणि पालकांच्या संमतिपत्राने ती उठत नाही. शाळेच्या आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच रॉकेटच्या पहिल्या भागावरच काम करावे. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात सहा महिने वा अधिक शिक्षा भोगलेल्या व्यक्तीलाही सुटकेनंतर पाच वर्षे हीच मनाई असते. उत्पादनाचा परवाना मागणाऱ्याकडे त्या कामाचे तांत्रिक ज्ञान आणि अनुभव आहे, याची परवाना अधिकाऱ्याने खात्री करून घ्यायची असते. याशिवाय नियमांनुसार केवळ 'प्राधिकृत', म्हणजे अधिकृत यादीतले, स्फोटकच तयार करता किंवा बाळगता येते. या सगळ्या अटी एकत्र वाचल्या, तर स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर स्वतःच्या सूत्राने इंधन कालवणाऱ्यासाठी भरण्याजोगा अर्जाचा नमुना कोणत्याही कार्यालयात का नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यावर पळवाट म्हणून काही जण तेरखेड्याचे नाव घेतात. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या एखाद्या कारखान्यातून 'जरा मोठे रॉकेट' भरून घ्यावे असा विचार सहज सुचतो. परंतु फटाक्यांच्या कारखान्याचा परवाना हा फटाक्यांपुरता असतो. ठरलेल्या प्रकाराबाहेरची मोटर भरून देणारा कारखानदार स्वतःचा परवाना पणाला लावतो आणि ती घेणारा विनापरवाना स्फोटक बाळगणारा ठरतो.

घरी काय करता येते

कोणत्याही अर्जाशिवाय घरी करता येण्याजोगे काम अनेकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ आहे, आणि प्रकल्पाचा खरा अभ्यास त्यातच असतो. फायबरग्लासची किंवा जाड कागदी नळी, प्लायवूडचे फिन आणि शिवलेले पॅराशूट यांतून संपूर्ण कवच तयार होते. ओपनरॉकेट या मोफत संगणक प्रणालीत त्याचे मापन भरून दाबकेंद्र (हवेचा दाब एकवटतो तो बिंदू) हे गुरुत्वकेंद्राच्या मागे किमान नळीच्या एका व्यासाइतके आहे ना, हे पाहावे. मात्र मोटरच्या वजनाइतकी वाळू भरून गुरुत्वकेंद्र प्रत्यक्ष तोलून काढावे, कारण इपॉक्सीचे वजन संगणकाच्या अंदाजापेक्षा नेहमीच जास्त भरते. वायुदाबावर चालणारा अल्टिमीटर (उंचीमापक) काचेच्या बरणीत ठेवून हातपंपाने हवा ओढली असता त्याला उंची वाढल्याचा भास होतो, आणि हवा परत सोडताना पॅराशूट उघडण्याचा इशारा योग्य क्षणी मिळतो की नाही, हे पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या बारूदाच्या जागी जोडलेल्या छोट्या दिव्यावरून कळते. पॅराशूट बाहेर फेकण्याची चाचणी बहुतेक पुस्तकांत काळ्या बारुदाने सांगितलेली असते. घरी ती सायकलच्या पंपाने भरलेल्या हवेवर करावी. नोज कोन किती दाबाला सुटतो आणि दोरी कुठे अडकते, एवढे त्यातून पुरेसे समजते.

जोर मोजण्याचा चाचणी-स्टँडही घरी बांधता येतो आणि मोटरशिवाय पूर्णपणे तपासता येतो. लोड सेलची (बल मोजणाऱ्या संवेदकाची) क्षमता अपेक्षित कमाल जोराच्या किमान दुप्पट असावी. तिचे अंशांकन वैधमापन विभागाचा शिक्का असलेल्या वजनांनी करावे. गावातल्या आडतीवर किंवा किराणा दुकानात ती मिळतात, आणि २० किलोचे वजन सुमारे १९६ न्यूटन बल देते. एचएक्स ७११ ही स्वस्त सर्किट पट्टी सेकंदाला १० किंवा ८० नोंदी घेते. एच वर्गाची मोटर एक-दोन सेकंदांत जळून संपते, त्यामुळे १० नोंदींच्या वेगावर ठेवल्यास आलेखात जेमतेम १०-२० बिंदू येतात आणि जोराचा सर्वोच्च क्षण बहुधा हुकतो. पट्टी ८० वरच लावावी. माहिती बिनतारी पाठवायची असल्यास ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा भारतात परवानामुक्त असलेला पट्टा वापरावा. अमेरिकन संचांत ९१५ मेगाहर्ट्झचे उपकरण असते, ते इथे चालत नाही.

मोटर कशी आणि कोणाच्या नावे

मोटरची स्थिर चाचणी, म्हणजे ती स्टँडला बांधून जमिनीवरच पेटवण्याची चाचणी, करण्याचा व्यवहार्य मार्ग संस्थेतून जातो. विद्यार्थ्यांच्या गटाने आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत पेसोचा परवाना असलेल्या उत्पादकाशी पत्रव्यवहार करावा, मोटर त्याच्याच ताब्यात राहावी, आणि चाचणी शक्यतो त्याच्याच परवानाप्राप्त आवारात त्याच्या माणसांच्या हातून व्हावी. गटाने तिथे फक्त स्टँड आणि नोंदणीची यंत्रणा घेऊन जावे. हा मार्ग संथ वाटतो, परंतु त्यात विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने स्फोटकाचा एकही कागद काढावा लागत नाही. दुसरा मार्ग स्पर्धेचा. इन-स्पेस (खासगी अंतराळ क्षेत्रासाठीची केंद्र सरकारची संस्था), इस्रो आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांच्या मॉडेल रॉकेट्री आणि कॅनसॅट (डब्याएवढा नमुना उपग्रह) विद्यार्थी स्पर्धेतील उड्डाणे ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झाली. अशा स्पर्धेत मैदान आणि परवानग्यांचा भार आयोजक उचलतात, म्हणून पहिल्या वर्षी संघाने हाच रस्ता धरावा असे माझे मत आहे.

स्वतंत्र जागेवर चाचणी घ्यायची असल्यास

उत्पादकाच्या आवाराबाहेर चाचणी ठरत असेल, तर अर्ज संस्थेच्या नावाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा; जिल्हाधिकारी कार्यालयात हे काम गृह शाखा पाहते. इथे एक बारकावा आहे. ज्या क्षेत्रासाठी पोलीस आयुक्त नेमलेले आहेत, तिथे स्फोटक अधिनियमाच्या दृष्टीने पोलीस आयुक्त हेच जिल्हा दंडाधिकारी असतात. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर शहराच्या आयुक्तालय हद्दीतील जागेसाठी अर्ज आयुक्तालयात जातो, तर त्याच जिल्ह्यातील कन्नड किंवा पैठणच्या जागेसाठी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. हद्द चुकली की फाईल परत येते, म्हणून अर्ज लिहिण्याआधी जागा कोणत्या पोलीस ठाण्याखाली येते, हे पाहून घ्यावे.

अर्जासोबत संस्थेचे पत्र, जबाबदार मार्गदर्शकाचे ओळखपत्र आणि शैक्षणिक पात्रतेची प्रत, उपस्थित राहणाऱ्या प्रत्येकाचा वयाचा पुरावा, मोटरच्या उत्पादकाच्या पेसो परवान्याची प्रत आणि मोटरचे तांत्रिक विवरण जोडावे. जागेच्या कागदांवर मात्र अधिक वेळ द्यावा, कारण अर्ज बहुधा तिथेच अडतो. अलीकडचा सातबारा आणि मोजणी नकाशा लागतोच. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे असतील तर एका भावाची संमती पुरत नाही, सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गायरानाचा मोह अनेकांना होतो, कारण ते मोकळे असते आणि सरपंच तोंडी 'करा' म्हणतात. गायरान ही शासनाची जमीन आहे. ग्रामपंचायतीचा ठराव उपयोगी पडतो, पण त्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची गरज संपत नाही. नकाशावर चाचणीच्या जागेपासून वस्ती, शाळा, रस्ता, वीजवाहिनी, विहीर आणि कडब्याची गंज यांची अंतरे मीटरमध्ये लिहावीत. स्थळ पाहणीला आलेले अधिकारी नेमके तेच मोजतात.

अग्निशमनाची व्यवस्था अर्जात एका ओळीत उरकू नये. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावरील फटाका बाजार जळून खाक झाला, आणि तेव्हापासून या विषयाचा कागद मराठवाड्यात अधिक बारकाईने वाचला जात असेल तर त्यात नवल नाही. पाण्याचा टँकर, वाळूच्या बादल्या, प्रथमोपचार आणि जवळच्या रुग्णालयाचे अंतर हे तपशील स्वतंत्र पानावर द्यावेत. तारीखही विचारपूर्वक मागावी. सोयाबीन निघाल्यावर लगेच रान मोकळे दिसते, पण भुसा आणि काड पसरलेले असते. उन्हाळ्यात धसकटे वाळलेली असतात आणि एका ठिणगीने बांधापलीकडचा ऊस पेटू शकतो. पिकाखालच्या काळ्या जमिनीपेक्षा मुरमाड माळ बरा, कारण काळी माती फुगते, आक्रसते आणि तीवर ठोकलेला स्टँड हलतो.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. परवाना अर्ज नाकारल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायची असतात, आणि मागणी केल्यास सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर त्यांचे संक्षिप्त निवेदन अर्जदाराला मिळते. ते मागून घ्यावे, कारण दुसरा अर्ज त्याच मुद्द्यांवर लिहायचा असतो.

मोटरची ने-आण परवानाधारकानेच करावी. रेल्वेत धोकादायक माल बेकायदा नेणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एसटीच्या डिकीतून किंवा कुरिअरने पाठवण्याचा विचारही करू नये.

चाचणीच्या दिवशी

अमेरिकी सुरक्षा नियमावलीत उड्डाणाच्या वेळी एच वर्गासाठी ३० मीटर, के वर्गासाठी ६० मीटर आणि एम वर्गासाठी १५० मीटर इतके किमान अंतर सांगितले आहे. स्थिर चाचणीत अंतर याहून जास्तच ठेवावे आणि माणसे आडोशाच्या मागे असावीत, कारण केसिंग (मोटरचे बाह्य कवच) फुटल्यास तुकडे आडवे उडतात. प्रज्वलनाच्या पेटीची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असावी, आणि इग्नायटर (मोटर पेटवणारी विद्युत वात) जोडणाराही तोच असावा. कळ दाबूनही मोटर पेटली नाही, तर किल्ली काढून बॅटरी सोडवावी आणि किमान ६० सेकंद कोणीही जवळ जाऊ नये. न पेटलेली मोटर महाविद्यालयाच्या कपाटात ठेवून घ्यायची नसते. ती त्याच दिवशी उत्पादकाच्या ताब्यात परत द्यावी, आणि तिचा क्रमांक, वेळ व घेणाऱ्याची सही नोंदवहीत घ्यावी. पुढच्या वर्षीच्या अर्जाला या नोंदवहीच्या साक्षांकित प्रती जोडता येतात.