'सेक्युलर'चं तुर्कीत काय होतं: लायिक, सेकुलेर आणि शंभर वर्षांचा गुंता

तुर्कस्तानात निवडणुका आल्या की इंग्रजी बातम्यांत सेक्युलर हा शब्द सारखा दिसायला लागतो. सेक्युलर पक्ष, सेक्युलर राज्यघटना, सेक्युलर मध्यमवर्ग, सेक्युलर घरातली मुलगी. मराठी बातम्या त्याच इंग्रजीवरून होतात त्यामुळे आपल्याकडे सगळीकडे धर्मनिरपेक्ष असं छापून येतं आणि अर्धी बातमी कळतच नाही, कारण मूळ तुर्कीत इथे दोन वेगवेगळे शब्द असतात. पक्ष आणि घटना लायिक, आणि मध्यमवर्ग नि ती मुलगी बहुतेकदा सेकुलेर. या फरकावरून पक्ष बंद झालेत आणि मुलींना युनिव्हर्सिटीच्या गेटवरून परत पाठवलं गेलंय, म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

इंग्रजी शब्द मुळातच पसरट आहे. लॅटिन सेक्युलम म्हणजे युग, शतक, पिढी. मठात न राहता गावातल्या चर्चचं काम बघणारा कॅथलिक पाद्री सेक्युलर, चर्चची जमीन राजाने घेतली की तिचं सेक्युलरायझेशन, आणि अर्थशास्त्रात वर्षानुवर्षं रेंगाळणारी मंदी तीही सेक्युलर (तुर्की अर्थतज्ज्ञ तिला सेकुलेर दुरगुनलुक म्हणतात, तिचा धर्माशी काडीचाही संबंध नाही). लायिक दुसऱ्याच घराण्यातला. तो फ्रेंचमधून आला, मूळ ग्रीक, अर्थ लोकांमधला, म्हणजे पाद्री नसलेला साधा माणूस. ऑटोमन शिकलेल्या वर्गाची परकी भाषा फ्रेंच होती, फ्रान्सचा १९०५ चा चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा त्यांच्यासमोर होता, म्हणून इस्तंबूलला हा शब्द पोचला.

पण त्याआधी एक शब्द येऊन गेला आणि माझ्या मते सगळं बिनसलं ते तिथे. १९१० च्या दशकात एका मोठ्या तुर्की विचारवंताने या कल्पनेसाठी ला-दीनी हा शब्द वापरला. ला म्हणजे नाही, दीन म्हणजे धर्म. म्हणायचं होतं की जे धर्माच्या कक्षेत येत नाही ते, पण ऐकणाऱ्याच्या कानावर पडलं ते धर्मच नाही असं, बेदीन. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. मराठीत सेक्युलरला निधर्मी म्हणायचे तेव्हा नेमका हाच आरोप व्हायचा, आणि आजही आपल्या घटनेच्या हिंदी उद्देशिकेत पंथनिरपेक्ष आहे तर मराठीत धर्मनिरपेक्ष, तेव्हा ही अडचण आपल्याला परकी नाही. असरी, म्हणजे या युगाचा, असाही शब्द तुर्कीत चालायचा, लॅटिनच्या सर्वात जवळचा तोच होता, पण त्याला लवकरच मॉडर्न, फॅशनेबल असा वास लागला. मग उरला लायिक. परका होता, सामान्य माणसाला त्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि मला वाटतं तीच त्याची सोय होती.

पुढचा क्रम बहुतेकांना माहीत आहे. १९२४ ला खिलाफत गेली, १९२८ ला राज्याचा धर्म इस्लाम हे कलम घटनेतून काढलं, १९३७ ला लायिक हा शब्द घटनेत घातला. १९३२ पासून भाषाशुद्धीची मोहीम जोरात होती, अरबी-फारसी शब्द शोधशोधून बाहेर काढत होते, अगदी अजानसुद्धा तुर्कीत द्यायला लावली (ती १९५० ला परत अरबीत आली), पण लायिकला शुद्ध तुर्की शब्द काही रुजला नाही. गंमत म्हणजे आपण वापरतो तो लायक हा शब्दही तुर्कीत आहे, अरबीतून आलेला, अर्थही तोच, उच्चार लायिकच्या अगदी शेजारचा.

आता यात मुख्य गोष्ट अशी की लायिक म्हणजे धर्म आणि सरकार वेगळं, असं तुर्कस्तानात कधीच नव्हतं. खिलाफत रद्द झाली त्याच दिवशी, ३ मार्च १९२४ ला, धर्माचं सरकारी खातं उभं राहिलं. इमाम सरकारी नोकर, पगार सरकारचा, शुक्रवारच्या प्रवचनावर खात्याची नजर. अलेवी लोकांचं (सुन्नींहून वेगळी परंपरा पाळणारा तिथला मोठा अल्पसंख्य समाज) म्हणणं कायम हेच राहिलंय की आमच्या करातून सुन्नी मशिदी चालतात आणि वर याला लायिक म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोडणं अवघड आहे. १९६१ च्या घटनेत फक्त प्रजासत्ताक हे स्वरूप बदलता येत नव्हतं, १९८० च्या लष्करी उठावानंतरच्या १९८२ च्या घटनेत मात्र लायिक हा शब्द असलेलं दुसरं कलमही चौथ्या कलमाने कुलूपबंद केलं.

त्या कुलपाचा खरा वापर २००८ मध्ये झाला. युनिव्हर्सिटीत डोक्याला स्कार्फ बांधून येता यावं म्हणून फेब्रुवारीत संसदेने घटनेची १० आणि ४२ ही कलमं बदलली, बाजूने ४११ मतं. जूनमध्ये घटना न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, कारण दिलं लायिकतेचं. आता १४८ व्या कलमानुसार घटनादुरुस्तीची फक्त प्रक्रिया तपासता येते, आशय तपासता येत नाही, आणि न्यायालयाने शेवटी आशयच तपासला. ज्या मुलींनी प्रवेश परीक्षा पास केली होती त्यांना एका न बदलता येणाऱ्या विशेषणासाठी बाहेर ठेवलं, हे मला आजही पटत नाही. लायिकतेविरुद्ध वागल्यावरून सत्ताधारी पक्ष बंद करावा या खटल्याचा निकाल पुढच्याच महिन्यात लागला, ११ पैकी ६ न्यायाधीश बंदीच्या बाजूने होते, ७ लागत होते, म्हणून पक्ष वाचला आणि नुसतं सरकारी अनुदान निम्मं कापलं गेलं. आदल्या वर्षी लाखो लोक 'तुर्कस्तान लायिक आहे, लायिक राहील' म्हणत रस्त्यावर आले होते. राज्यात धर्म घुसेल ही त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही, पण याच काळात 'लायिकची' हा शब्द (लायिकला तुर्की -ची प्रत्यय लावून झालेला) जवळजवळ शिवी झाला, अर्थ लायिकपणाचा हट्ट धरणारा.

सेकुलेर पुढे आला तो इथेच. अभ्यासकांच्या लिखाणात तो आधीपासून होता. दुन्येवी, म्हणजे दुनियेचा, हाही होता. आणि एका इतिहासकाराने तर तुर्की सेक्युलरिझमवरचं १९६४ चं आपलं इंग्रजी पुस्तक १९७३ ला तुर्कीत आणताना शीर्षकात लायिक न घेता चाग्दाशलाश्मा, म्हणजे युगाबरोबर येणं, हा शब्द घेतला, थेट सेक्युलमशी नातं जोडून. पण बोलीत आला तो सेकुलेर: लायिक राज्य असतं, सेकुलेर माणूस किंवा त्याचं राहणीमान. २०११ मध्ये कैरोत तुर्की पंतप्रधान म्हणाले की माणूस लायिक नसतो, राज्य असतं, इजिप्तनेही लायिक घटना करावी. अरबीत त्याचं अलमानिया झालं (सेक्युलरिझमचा अरबी शब्द, तिथे अनेकांच्या कानाला तोही बेदीनच वाटतो), आणि आदल्या दिवसापर्यंत स्वागत करणारे तिथले इस्लामवादी नाराज झाले.

२०१२ ला त्याच घटना न्यायालयाने शाळेतल्या ऐच्छिक कुराण तासांच्या निकालात कडक लायिकता आणि लवचिक लायिकता असे दोन अर्थ मांडले आणि दुसरा उचलला. एप्रिल २०१६ मध्ये संसदेच्या अध्यक्षांनी नव्या घटनेत लायिक नकोच असं म्हटल्यावर एवढा गदारोळ झाला की ते माझं वैयक्तिक मत होतं असं त्यांना सांगावं लागलं. दुसरं कलम अजून तसंच आहे, आणि घटनेच्या सरकारी इंग्रजी भाषांतरात तिथे लिहिलंय सेक्युलर.