बल्बचा रोध नेमका किती?

पिवळ्या उजेडाचा, आत तार असलेला जुना बल्ब घ्या. काचेवर दोनच आकडे छापलेले असतात: २३० व्होल्ट, ६० वॅट. एवढ्यावरून बाकीचं गणित घरबसल्या होतं. वॅटला व्होल्टने भागलं की प्रवाह मिळतो, सुमारे ०.२६ अँपिअर. मग व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, साधारण ८८० ओहम. आता तोच बल्ब काढून, गार झाल्यावर मल्टिमीटरला लावून बघा. मीटर ६०-६५ ओहमच्या आसपास काहीतरी दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो आणि आपला भागाकारही चुकलेला नसतो.

पेटलेल्या बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापलेली असते. धातू जितका तापेल तितके त्याचे अणू जोरात थरथरतात आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या इलेक्ट्रॉनना जास्त अडथळा होतो. गार तारेचा रोध म्हणूनच कितीतरी कमी भरतो. बटण दाबल्याच्या क्षणी २३० व्होल्ट या ६५ ओहमवर येऊन पडतात, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह! तार तापते, रोध चढतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रवाह पाव अँपिअरवर उतरतो. असे बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच का उडायचे, त्याचं मोठं कारण हेच. तार जिथे झिजून बारीक झालेली असते, तिला हा पहिला दणका सोसत नाही.

तेव्हा व्होल्ट भागिले अँपिअर हे उत्तर त्या वेळचं, त्या तापमानाचं असतं. भागाकार कुठल्याही वस्तूचा करता येतो, पण दाब (म्हणजे व्होल्ट) बदलला तरी तेच उत्तर येईल का, हा खरा प्रश्न. ते येतं तिथेच ओहमचा नियम, म्हणजे ‘प्रवाह दाबाच्या प्रमाणात बदलतो’, लागू होतो. शाळेत सूत्र पाठ करताना हे ‘तापमान कायम असताना’ प्रकरण आपण घाईने वाचून पुढे जातो.

गेऑर्ग ओहमला मात्र ते घाईत उरकता आलं नाही. कलोनच्या एका शाळेत शिकवता शिकवता तो वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधला प्रवाह मोजत होता, पण त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब मोजता मोजताच घसरायचा. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथ यांची जोडणी वापरली; तिच्या दोन सांध्यांच्या तापमानात फरक असला की वीज तयार होते. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून दाबही कायम. आकडे जुळायला लागले आणि १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर या नियमाला जुमानत नाही. आतलं सर्किट ठरलेली शक्ती मिळवायच्या मागे असतं, त्यामुळे अशा बऱ्याच उपकरणांत दाब थोडा घसरला की प्रवाह उलट वाढतो. तिथे भागाकारातून येणारे ओहम आत कुठल्याही तारेत शोधून सापडायचे नाहीत.

शक्तीचं गणित गुणाकाराचं, आणि तो तसा का हेही सरळ आहे. व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे किती ज्यूल ऊर्जा, अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती कूलोम. गुणले की दर सेकंदाला ज्यूल, म्हणजेच वॅट. (पंखा, पंप अशा मोटारींमध्ये प्रवाहाची लाट दाबाच्या मागे पडते, म्हणून नुसता गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो. हीटरला ही भानगड नाही.)

गोंधळ होतो तो पुढे. रोध वाढला तर उष्णता वाढते की कमी होते? दाब ठरलेला असेल तर कमी होते: १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम, ४० वॅटच्या बल्बचा १३२२. पण हेच दोन बल्ब एकामागोमाग जोडले तर दोघांतून प्रवाह एकच जातो, आणि मग ४० वॅटवालाच जास्त उजळतो. प्रवाह सारखा असला की ज्याचा रोध जास्त, तो जास्त तापतो.

सैल प्लगचा धोका इथेच आहे. २००० वॅटच्या हीटरचा रोध साडेसव्वीस ओहम आणि प्रवाह ८.७ अँपिअर. आता सॉकेटमध्ये पिन सैल बसली, तिथे काजळी धरली आणि अर्धा ओहम जादा रोध तयार झाला असं धरा. प्रवाह ८.५ वर येतो. त्याचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे नखाएवढ्या जागेत ३६ वॅट उष्णता. डाख वितळवायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. प्लॅस्टिक मऊ पडतं, पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. आणि एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डावरचं आपोआप पडणारं बटण? ती फक्त जास्त प्रवाह दिसला की पडते. इथे तर प्रवाह कमीच झालेला असतो.